उमज पडते कुठे

सोलापुरातल्या दीपमाला प्रशालेचा दहावीचा निकाल पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. निकालाच्या दिवशी फाटकाबाहेर पेढेवाले उभे राहायचे आणि प्रवेशाच्या दिवसांत आमदारांच्या चिठ्ठ्या यायच्या. अशा शाळेचं नाव शिक्षण खात्याच्या लाल यादीत सलग दुसऱ्या वर्षी आलं, तेव्हा गावाने आधी यंत्राला नावं ठेवली, मग खात्याला आणि शेवटी त्या यादीवर विश्वास ठेवणाऱ्यांना.

मुख्याध्यापिका वैजयंती बिराजदार यांनी पहिल्या वर्षी गावासारखंच केलं होतं. स्टाफरूममध्ये त्या म्हणाल्याही होत्या, "आपण लाल, तर हिरवं कोण?" या वर्षी मात्र त्यांनी दार लावून घेतलं आणि आलेला अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला. बाई मूळच्या भूगोलाच्या. नकाशा चुकीचा म्हणण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते बघावं, एवढी शिस्त त्यांच्यात होती.

लाल-हिरव्याचं हे प्रकरण उमजपट्टीपासून सुरू झालं होतं. माणसाला एखादी गोष्ट उमजते, 'अरे हो, असं आहे होय!' असं आतून वाटतं, त्याच्या निमिषभर आधी मेंदूच्या उजव्या अंगाला, कानाच्या जरा वर, वेगवान विद्युतलहरींचा एक छोटासा झोत उसळतो. शास्त्रज्ञांना हे बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं, पण ते मोजायला डोक्यावर तारांची टोपी घालून प्रयोगशाळेत बसावं लागायचं. आता जखमेवर लावतात तेवढी चिकटपट्टी कानामागे लावली की काम होत होतं. पाठांतराने हा झोत उसळत नाही. फळ्यावरचं उतरवून घेतल्यानेही नाही. पट्टीला मुलाच्या मनातलं काही कळत नसे. काय उमजलं, तेही नाही. काहीतरी उमजलं, इतक्या वाजता आणि या ठिकाणी, एवढीच ती नोंद करायची.

शाळा उत्तरदायित्व कायदा या नोंदीवर उभा होता. कायदा करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. गुणांवरून मूल कळतं, शाळा कळत नाही. सुशिक्षित घरातलं, महागड्या क्लासला जाणारं मूल नव्वद टक्के मिळवतं, त्याचं श्रेय शाळेला का द्यायचं? तेव्हा वर्षातून दोनदा, काही आठवडे, पालकांच्या संमतीने मुलांना पट्ट्या लावायच्या आणि बघायचं, मुलाला पडलेल्या शंभर उमजांपैकी शाळेच्या आवारात किती पडल्या. किमान पस्तीस पडल्या पाहिजेत. सलग तीन वर्षं कमी पडल्या, तर मुख्याध्यापकाला पदावरून दूर करून शाळेवर प्रशासक नेमायचा.

दीपमालेत शंभरातल्या चौदा पडल्या होत्या. बाकीच्या सगळ्या क्लासमध्ये आणि घरी. गणिताच्या तासाला दोन.

गणित चिलवेरी सर शिकवायचे.

श्रीनिवास चिलवेरी म्हणजे दीपमालेची शान. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक यंत्रमाग कामगाराचा मुलगा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला, गेली सत्तावीस वर्षं इथेच. त्यांचं अक्षर फळ्यावर छापल्यासारखं उमटे. त्यांच्या विनोदांवर वर्ग खळखळून हसे. वैजयंतीबाई आणि ते एकाच वर्षी नोकरीला लागले होते. बाईंचा मुलगा त्यांच्याच हाताखाली गणित शिकून इंजिनियर झाला होता, म्हणजे आजवर बाईंचा तरी तसा समज होता.

बाईंनी त्यांना बोलावलं आणि आकडा आडपडदा न ठेवता सांगितला.

"दोन?" सर म्हणाले. "मॅडम, माझी बावीस मुलं शंभरपैकी शंभर घेतात."

"घेतात. पण सर, तुम्ही धडा शिकवायच्या आधीच तो त्यांना क्लासमध्ये कळलेला असतो."

"मग मी काय करतो वर्षभर?"

सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "माझी पोरं माझ्या तासाला खूश असतात, मॅडम," ते म्हणाले. "त्याचं काही माप नाही का त्या पट्टीत?" आणि उत्तराची वाट न बघता ते तासावर निघून गेले.

दोन दिवसांनी संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब मंद्रूपकर शाळेत आले. वय अठ्ठ्याहत्तर, डोकं अजून तल्लख. शाळा त्यांच्या वडिलांनी काढलेली.

"बिराजदार बाई, मी चौकशी केलीय," खुर्चीत टेकता टेकता ते म्हणाले. "सोपं आहे. पट्टीला क्लासला जाणारं मूल चालत नाही. विडी कामगारांच्या वसाहतीतल्या मुलांना कुठला आलाय क्लास? त्यांना जे उमजेल ते शाळेतच उमजणार. अशी चाळीस मुलं आणा. गणवेश फुकट, गाडी फुकट, दुपारचं जेवण आपलं. वसाहतीमागे महापालिकेची शाळा आहे, तिथली उचला. कायद्यात बसतं."

"आणि चिलवेरी सर?"

"त्यांना मुदतपूर्व निवृत्ती घ्यायला सांगा. वाईट मलाही वाटतं. पण तिसऱ्यांदा लाल झालो तर पद तुमचं जाईल, त्यांचं नाही."

बाईंना हे सगळंच तिथल्या तिथे झिडकारता आलं असतं. पण त्यांनी तसं केलं नाही. निवृत्तीचं बघू म्हणाल्या, आणि मुलांचा विचार त्यांना पटलासुद्धा. गरिबाच्या मुलांना चांगली शाळा मिळते, आपली शाळा वाचते, यात वाईट काय? शनिवारी त्या महापालिकेच्या शाळेकडे निघाल्या तेव्हा चिलवेरी सरांनाही बरोबर घेतलं. वसाहतीत बहुतेक घरं तेलुगू, तिथे ती भाषा बोलणारं कुणीतरी हवं होतं.

शाळा पत्र्याची, चार खोल्यांची. अंगणात एक उंच, सावळ्या बाई मुलांच्या गराड्यात उभ्या राहून मोठमोठ्याने काहीतरी समजावत होत्या. या नसीम बागवान, तिथल्या मुख्याध्यापिका. पाहुण्यांना बघून त्या हसल्या.

"मुलं न्यायला आलात ना? या, बसा. तुम्ही तिसऱ्या. आधीचे दोघं दप्तरं घेऊन आले होते, तुम्ही रिकाम्या हातानंच आलात की."

वैजयंतीबाई ओशाळल्या. "मुलांचं भलंच होईल, असं वाटलं."

"गेल्या साली सहावीतली अकरा नेली. चौघं परत आली. तिथं मागच्या बाकावर बसवायचे. पट्ट्यांचे आठवडे आले की पुढं, झाले की परत मागं." नसीमबाईंच्या आवाजात तक्रार नव्हती, हवामान सांगावं तसं त्या सांगत होत्या. "आणि आणखी चाळीस गेली, तर पटसंख्या कमी म्हणून ही शाळा बंद करतील. चुणचुणीत असतील ती जातील तुमच्या गाडीतनं. जी तुम्हाला नको असतील, त्यांनी कुठं जायचं?"

"पण तुमची शाळा तर हिरवी आहे," चिलवेरी सर म्हणाले.

"त्या हिरव्यावर जाऊ नका, सर. माझ्या पोरांना शंभरातल्या नव्वद उमजा इथंच पडतात, कारण दुसरीकडं पडायला जागाच नाही. पण वर्षाच्या एकूण मोजल्या, तर तुमच्या पोरांच्या निम्म्याही भरत नाहीत. मी इतिहासाची. गणिताला इथं माणूसच नाही. तुम्ही गणिताचे ना? मग घ्या की एक तास. सातवी मोकळीच बसलीय."

सरांना असं आव्हान कुणी फार वर्षांत दिलं नव्हतं. ते वर्गात गेले. ऋणसंख्यांचा गुणाकार होता. पट्ट्यांचे आठवडे चालू होते, त्यामुळे शिक्षकाच्या टेबलावर एक छोटा पडदा होता. वर्गात कुणाला काही उमजलं की त्यावर एक हिरवा ठिपका उमटायचा. कुणाला, ते दिसायचं नाही.

सरांनी आपला ठरलेला तास घेतला. छापल्यासारखं अक्षर, तोच विनोद, आणि शेवटी जोरात, "वजा गुणिले वजा?" दीपमालेत इथे अख्खा वर्ग ओरडायचा, "अधिक!" इथे कुणी ओरडलं नाही. मुलं नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. सरांनी पुन्हा सांगितलं. मग तेलुगूत सांगितलं आणि "अर्थमैंदा?" म्हणजे कळलं का, असं विचारलं. मुलांनी भिडेखातर माना हलवल्या. पडदा कोरा तो कोराच.

दाराशी उभ्या असलेल्या वैजयंतीबाईंनी सरांचा चेहरा बघितला. सत्तावीस वर्षं या माणसाला हे कुणी कळू दिलं नव्हतं, आणि त्यात त्या स्वतःही होत्या.

परतताना रस्त्यात सर एवढंच म्हणाले, "मॅडम, त्या पोरांना माझं एक अक्षर कळलं नाही. आपल्या पोरांनाही कधी कळलं नसणार. ती आधीच शिकून यायची, म्हणून मला पत्ता लागला नाही."

"पुढच्या शनिवारी परत याल?" बाईंनी विचारलं.

"मुलं आणायला?"

"नाही. मुलं राहू देत तिथेच. शिकवायला."

पुढच्या शनिवारी सर गेले आणि पडेल चेहऱ्याने परत आले. त्याच्या पुढच्या शनिवारी गेले. मधल्या दिवसांत ते स्टाफरूममध्ये कुणाशी बोलत नव्हते, कागदावर बाण काढत आणि खोडत बसायचे. तिसऱ्यांदा बाई मुद्दाम बरोबर गेल्या.

सरांनी फळ्याला हातही लावला नाही. सगळ्यांना अंगणात काढलं. भाग्यलक्ष्मी नावाच्या एका धीट मुलीला उलट्या पावलांनी मागे चालायला सांगितलं आणि मोबाइलवर तिचं चित्रण केलं.

"भाग्यलक्ष्मी कशी चालली?"

"उलटी!"

"म्हणजे वजा. आता मी ही फिल्मच उलटी फिरवतो. हे दुसरं वजा. नीट बघा, ती कुठं जाते."

मुलं मोबाइलवर तुटून पडली. पडद्यावरची भाग्यलक्ष्मी ऐटीत सरळ, पुढे चालत होती. मग मागून कुणीतरी किंचाळलं, "आँ! उलट्याचं उलटं केलं की सरळ!"

नसीमबाईंनी हातातला पडदा वर धरला. एक ठिपका, मग तीन, मग सरीचे थेंब पडावेत तसे भराभर. सर पडद्याकडे बघत नव्हते, ते मुलांकडे बघत होते. "अजून एकदा करा सर, मला चालू द्या," म्हणून पोरं त्यांच्या शर्टाला झोंबत होती. पंचावन्न वर्षांच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून बाईंना वाटलं, पट्टी यांच्याही कानामागे लावायला हवी होती.

सोमवारी सरांनी तेच दीपमालेच्या सातवीत केलं. तिथे मुलांना नियम तोंडपाठ होता. 'का?' मात्र कुणालाच सांगता येईना. क्लासमध्ये 'का'ला वेळ नसतो. दीपमालेच्या गणिताच्या तासाला त्या दिवशी जेवढे ठिपके उमटले, तेवढे आदल्या वर्षीच्या सगळ्या मोजणीत उमटले नव्हते. सर स्वतः ही गोष्ट स्टाफरूममध्ये सांगत सुटले, आणि त्या आधी आपली फजिती कशी झाली तेही, काही न लपवता. त्यांच्यासारखा माणूस आपली फजिती सांगतो म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. विज्ञानाच्या मॅडम शनिवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या, मग मराठीचे सर. नसीमबाई सगळ्यांना हसत कामाला लावायच्या आणि बदल्यात आपल्या मुलांसाठी दीपमालेची प्रयोगशाळा मागून घ्यायच्या.

बाईंनी पालकसभा बोलावली. त्या सभेची गावात बरेच दिवस चर्चा झाली, कारण अशी सभा कुणी पाहिली नव्हती.

"तुमच्या मुलांना जे येतं," बाई म्हणाल्या, "ते बहुतेक तुम्ही आणि क्लासने शिकवलेलं आहे. आम्ही वर्षानुवर्षं त्याचे पेढे खाल्ले. लाल रंग बरोबर आहे."

एक वकील पालक उठले. "मग आम्ही फी कशाची भरत होतो?"

"आजपर्यंत नावाची," बाई म्हणाल्या. "यापुढे शिकवण्याची भरा. माझी एकच विनंती आहे. क्लासवाल्यांना सांगा, धडा आधी शाळेत होऊ द्या. आम्हाला जमलं नाही, तर मग त्यांनी शिकवावा."

काही पालकांनी दुसऱ्याच आठवड्यात दाखले नेले. बरेचसे थांबले. दादासाहेबांनी बाईंशी बोलणं टाकलं.

फेब्रुवारीत शेवटची मोजणी तोंडावर आली तेव्हा मात्र ते स्वतः आले. बाईंनी चिलवेरी सरांनाही बोलावून घेतलं. दादासाहेब या खेपेला दमलेले दिसत होते. "बाई, अंदाज काढलाय. शंभरात एकोणतीस होतील. सहा कमी. अजून वेळ आहे. ती चाळीस मुलं या आठवड्यात पटावर घ्या, आपण हिरवे होतो. तुम्ही एवढी मेहनत केलीत, ती वाया घालवू नका."

चिलवेरी सरही म्हणाले, "घेऊ या मॅडम. मी शपथेवर सांगतो, एकालाही मागं बसवणार नाही. स्वतः शिकवीन."

सर मनापासून बोलत होते, म्हणूनच ते जास्त अवघड होतं. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावर पाचवीची मुलं एक लांब काठी उभी करून तिची सावली मोजत होती आणि आपसांत तावातावाने भांडत होती.

"तुम्ही शिकवाल, सर," त्या म्हणाल्या. "पण चाळीस काढल्यावर जी तिथे उरतील, त्यांची शाळा बंद पडेल. त्यांना कोण शिकवेल?"

दादासाहेब म्हणाले, "तुमचं पद जाईल."

"जाऊ दे. शाळा काही जात नाही."

मे महिन्यात यादी लागली. एकोणतीस. दीपमाला तिसऱ्यांदा लाल.

पदावरून दूर करण्याआधी मुख्याध्यापकाचं म्हणणं ऐकून घ्यावं, अशी कायद्यात तरतूद होती. पुण्याच्या कार्यालयात समोर बसलेल्या अधिकारी बाई वयाने लहान होत्या आणि त्यांनी सगळी कागदपत्रं नीट वाचलेली होती.

"मॅडम, चौदावरून एकोणतीस. एका वर्षात एवढी झेप कुठल्याच शाळेने घेतलेली नाही," त्या म्हणाल्या. "आजूबाजूच्या शाळांनी बाहेरची मुलं आणून आकडे सुधारले. तुम्ही ते केलं नाहीत. का, ते मला बागवान मॅडमनी फोन करून सांगितलं. पण ते लिहायला माझ्याकडे रकाना नाही. पस्तीस म्हणजे पस्तीस."

"मी सवलत मागायला आले नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या. "कायदा चांगला आहे. तो नसता, तर मी अशीच निवृत्त झाले असते, हारतुरे घेऊन, आणि मला कधीच कळलं नसतं. फक्त एक दुरुस्ती सुचवते. दुसऱ्या शाळेतून आणलेल्या मुलाच्या उमजा पहिली दोन वर्षं नव्या शाळेच्या खात्यात धरू नका. मग मुलं पळवायची गरजच उरणार नाही."

अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं, आणि मग बाईंच्या डोळ्यांना डोळा न देता आदेशावर सही केली. खाली पर्याय होता: स्वेच्छानिवृत्ती, किंवा त्याच शाळेत साध्या शिक्षकपदावर. बाईंनी दुसऱ्यावर खूण केली.

जूनमध्ये शाळा भरली ती नव्या प्रशासकांच्या हाताखाली. हेरवाडकर नावाचे पस्तिशीतले गृहस्थ, हुशार आणि जरा घाबरलेले. पहिल्याच दिवशी ते हातात कागद घेऊन व्हरांड्यात बाईंच्या मागे आले.

"मॅडम, अध्यक्षांनी महापालिकेच्या शाळेतल्या चाळीस मुलांची नावं दिलीत. दुरुस्ती अजून मंजूर झालेली नाही, म्हणजे घेता येतील. तुम्ही काय कराल?"

"मी आता काही ठरवायची नाही, सर. पण शनिवारी चिलवेरी सरांबरोबर एकदा तिथे जाऊन या. मग तुम्हीच ठरवा."

बेल झाली. अकरा वर्षांनी बाईंना पुन्हा पूर्ण वेळाचे तास मिळाले होते. सहावीचा वर्ग, विषय ऋतू. त्यांनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला, दिवा लावला, आस कसा कललेला आहे आणि त्याने काय होतं ते सांगितलं. चांगलं सांगितलं, असं त्यांना वाटलं. मुलं माना हलवत होती.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक हात हळूच वर आला. आजूबाजूच्या दोघांनी तो खाली ओढायचा प्रयत्न केला, पण मुलगी उभी राहिलीच.

"बाई, मला नाही कळलं."

दीपमालेसारख्या शाळेत हे वाक्य कुणी उच्चारत नसे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत बाईंनी ते भर वर्गात ऐकल्याचं त्यांना आठवेना.

त्यांनी खडू खाली ठेवला, बाकांमधून तिच्यापर्यंत चालत गेल्या आणि तिच्या शेजारी जागा करून बसल्या.

"छान," त्या म्हणाल्या. "कुठपासून नाही कळलं?"